पहिला धोका कुणी घ्यायचा?



'हवामान बदल' हा शब्द पूर्वी रेडिओवरच्या बातम्यांत नाही तर विद्यापीठाच्या पुस्तकांत असायचा. आता तो गावच्या पारावर येऊन बसला आहे. मृगात धूळ उडते, आर्द्रा कोरडी जाते, पुनर्वसूत दुबार पेरणीची पाळी येते. आणि सोयाबीन काढणीला आले की हस्ताचा पाऊस असा काही कोसळतो की उभ्या शेंगेत दाण्याला मोड फुटतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने जे भोगले ते निराळे सांगायला नको. कुणाचे पीक गेले, कुणाची जनावरे गेली, आणि नदीकाठच्या कितीतरी जणांच्या रानातली मातीच वाहून गेली.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ८०० ते ९०० मिलिमीटरच्या आसपास धरतात. आकडा पाहिला तर वाईट नाही. पण हा आकडा वर्षाअखेरीस कागदावर जुळतो आणि पीक मात्र दोन पावसांच्या मधल्या खंडात वाळून जाते. बँकेत पैसे आहेत, पण लग्नाच्या दिवशी बँक बंद, अशातली ही गत.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. (कृषी) होऊन कृषी विस्ताराच्या कामात पडलो, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत, हिंगोली या पाचही तालुक्यांतल्या वावरांची माती पायाला लागली आहे. या सगळ्या गावांत अलीकडे एकच वाद ऐकू येतो. एक जण म्हणतो, "पाऊस काय सरकारच्या हातात आहे? सरकार त्यात काय करणार?" दुसरा म्हणतो, "सगळं सरकारनंच करायला पाहिजे, आपल्याच्यानं काय होतंय?" या दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे खरे आहे. सरकारने नेमके काय करावे हे मला मात्र कुठल्या परिपत्रकातून उमगले नाही. ते एका म्हाताऱ्या शेतकरणीच्या प्रश्नातून उमगले.

कयाधूच्या काठच्या एका गावात खरिपाआधीची बैठक होती. सोयाबीन सपाट रानात न पेरता रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरा, असे मी सांगत होतो. बीबीएफ यंत्राने वरंब्यावर ओळी पडतात आणि दोन्ही बाजूंना सरी राहते. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते आणि मुळे सडत नाहीत. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला आठ-दहा दिवस हात देते. बियाणेही कमी लागते. मी रंगात येऊन बोलत होतो आणि मंडळी माना डोलावत होती. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, "सायब, तुमचं पटतंय मला. पण माझं रान दोनच एकर. त्यातलं एक एकर म्या तुमच्या पद्धतीनं पेरलं अन् ते फसलं, तर माझ्या घरात ज्वारीचं पोतं कोण आणून टाकणार? तुम्ही का कलेक्टर?"

बैठकीत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण आजींचा हिशेब बिनचूक होता. वीस एकरवाल्याचे एक एकर फसले तर तो त्याला प्रयोग म्हणतो. दोन एकरवालीचे एक एकर फसले तर तिच्या घरी त्याला उपास म्हणतात. लहान शेतकरी जुन्या रीतीला धरून राहतो तो अडाणीपणामुळे नव्हे. जुन्या रीतीत किती नुकसान होईल हे त्याला ठाऊक असते आणि नव्या रीतीतले ठाऊक नसते. न दिसणाऱ्या खड्ड्यात पाय घालण्यापेक्षा माहितीतला खड्डा बरा, असे शहाणा माणूस म्हणणारच.

त्या वर्षी आजींनी जुन्याच पद्धतीने पेरले आणि मी आग्रह धरला नाही. पुढच्या खरिपात त्याच गावात दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घेतले. बियाणे आणि यंत्राचे भाडे योजनेतून दिले. अर्धे रान जुन्या पद्धतीचे आणि अर्धे नव्या पद्धतीचे ठेवले. गावातली माणसे रोज जाता-येता धुऱ्यावरून ते बघत होती. ऑगस्टात पावसाने ताण दिला तेव्हा दोन्ही अर्ध्यांचा रंग वेगळा दिसू लागला, आणि पुढे मला भाषण करावे लागले नाही. तिसऱ्या वर्षी यंत्राच्या भाड्यासाठी नंबर लागले.

यातून मी जे शिकलो ते एवढेच, की बदललेल्या हवामानात जुने पुरत नाही आणि नव्याची खात्री नाही, अशा वेळी नवे करून बघण्याचा पहिला धोका ज्याची झोळी सर्वांत मोठी त्याने घ्यावा. ती झोळी देशाच्या सरकारची असते. कशी, ते बघा. एकाचा बैल मेला तर शेजारी बैल देतो. पण दुष्काळ पडला तर शेजाऱ्याचेही रान वाळलेले असते. सोसायटीचे सगळे सभासद एकाच वेळी थकबाकीत जातात. सगळा मराठवाडा होरपळतो तेव्हा जिल्ह्याने जिल्ह्याला हात द्यावा म्हटले तरी दोघांचेही हात रिकामे असतात. एवढा मोठा देश मात्र एकाच वर्षी सगळा बुडत नाही आणि सगळा वाळतही नाही. म्हणून एका भागाचे संकट सगळ्यांत वाटून घेणे देशालाच जमते.

ही काही परदेशातून आणलेली विद्या नाही. आपल्या महाराष्ट्रातच तिची मुळे आहेत.

१९७२ चा दुष्काळ घ्या. माझा जन्म त्याच्या आगेमागेचा, त्यामुळे मला तो आठवत नाही. पण आमच्या घरात त्या वर्षाचे बोलणे आई असेपर्यंत संपले नाही. ती खडी फोडायला जायची. दुपारी कामावर सुकडी मिळायची आणि घरी लाल मिलोची भाकरी असायची. गुरांनाही ती नकोशी व्हावी, असे ती सांगे. पण शेवटी हेही सांगे की, "काम होतं म्हणून घर राहिलं, नाहीतर गाव सोडून जावं लागलं असतं."

ते काम आपोआप निघाले नव्हते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात एक लहानसा प्रयोग करून पाहिला होता. जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि ते काम जमिनीला व पाण्याला उपयोगी पडेल असे असायचे. कल्पना एका लहान भागात तपासली गेली होती, म्हणून १९७२ मध्ये आभाळ फाटले तेव्हा ती राज्यभर लावता आली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्यासाठी पैसा कुठून आणला तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घातली. म्हणजे मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारातला एक लहान वाटा मराठवाड्यातल्या बंधाऱ्यावर येऊन पडला. संकट वाटून घेणे म्हणतात ते हे.

पुढे २००५ मध्ये संसदेने सगळ्या देशासाठी असाच कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ ला तो पहिल्यांदा २०० जिल्ह्यांत सुरू झाला. त्या पहिल्या यादीत महाराष्ट्रातले जे १२ जिल्हे होते, त्यांत आपला हिंगोली होता. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा देशाच्या एका मोठ्या प्रयोगाच्या पहिल्या ओळीत बसला. गरिबीमुळे बसला हे खरे, पण बसला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला आणि हमीचे दिवस १०० वरून १२५ केले. नव्याचे गुण-दोष काळ दाखवील. एका तालुक्यात तपासलेली गोष्ट चाळीस वर्षांत देशाचा कायदा झाली, हा इतिहास मात्र पुसला जात नाही.

दुसरी गोष्ट पीक विम्याची. विमा म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, आणि पडण्याला कारणेही आहेत. पण हा विमा कसा जन्मला ते ऐका. १९७२ मध्ये गुजरातेत कापसावर पहिल्यांदा विमा करून पाहिला. पुढे त्यात महाराष्ट्रासह आणखी काही राज्ये आली. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगवेगळे मोजायचे, अशी रीत होती. १९७८ पर्यंत ३,११० शेतकऱ्यांनी विमा घेतला. हप्त्यापोटी ४ लाख ५४ हजार रुपये जमले आणि भरपाईपोटी ३७ लाख ८८ हजार द्यावे लागले. म्हणजे एक रुपया आला आणि आठ रुपये गेले. प्रयोग फसला. पण फसला हे लपवले नाही. आकडे मांडले आणि ते सगळ्यांना दिसले.

तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक वि. म. दांडेकर यांनी वेगळी वाट सुचवली. ते मूळचे साताऱ्याचे. एकेका धुऱ्यावर जाऊन नुकसान मोजणे खर्चाचे आणि भांडणाचे आहे. त्यापेक्षा एका भागाचे सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगाने मोजा. ते ठरलेल्या उंबरठ्याखाली गेले की त्या भागातल्या सगळ्या विमेदारांना भरपाई द्या, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९ मध्ये या रीतीने पुन्हा प्रयोग सुरू झाला. १९८५ पर्यंत १३ राज्यांतल्या सव्वासहा लाखांवर शेतकऱ्यांनी त्यात भाग घेतला. हप्ता सुमारे १ कोटी ९७ लाख जमला आणि भरपाई सुमारे १ कोटी ५७ लाख गेली. मेळ बसला. त्यावर १९८५ ची देशव्यापी योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना उभी राहिली. आज आपल्याकडे महसूल मंडळाचे उत्पन्न मोजून भरपाई ठरते, त्याचे मूळ दांडेकरांच्या त्या विचारात आहे.

या रीतीतला दोषही आपण रोज पाहतो. मंडळाच्या एका टोकाला पाऊस पडतो आणि दुसरे टोक कोरडे राहते. सरासरी बरी येते आणि कोरड्या टोकाचा शेतकरी हात चोळत बसतो. याचा अर्थ विचार टाकाऊ आहे असा नाही, तर मोजणारी पट्टी आणखी बारीक करायला हवी असा आहे. पर्जन्यमापक जवळजवळ बसवणे आणि उपग्रहाची मदत घेणे ही कामे कुठल्या एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली नाहीत. तिथे पुन्हा मोठ्या झोळीचेच काम येते.

प्रयोग बंद कसा करावा, यातही एक शिस्त लागते. आपल्या राज्याने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला. खोटे अर्ज मोठ्या संख्येने निघाल्यावर २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला आणि खरिपाला २ टक्के हप्ता पुन्हा आला. करून पाहिले आणि दोष दिसला म्हणून बदलले, यात गुन्हा नाही. पण बदल का झाला आणि आता नियम काय, हे पेरणीच्या आधी धुऱ्यावर पोचले पाहिजे. शेतकऱ्याला ते कळायला उशीर झाला, तर सरकारच्या प्रयोगाचा धोका पुन्हा त्याच्याच डोक्यावर येतो.

तिसरी गोष्ट विजेची. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला आखाड्यावर जाणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, पायाखाली चिखल आणि मनात साप. किती घरांतल्या बायका नवरा परत येईपर्यंत जाग्या राहतात! कृषी पंपांना दिवसा वीज द्यायची तर ती स्वस्तात कुठून आणायची, हा जुना पेच होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. नगर जिल्ह्यातले राळेगण सिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी या ठिकाणी ती आधी करून पाहिली. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यायची, अशी ती कल्पना. केंद्राने २०१९ मध्ये कुसुम योजना आणली. २०२० मध्ये शेतीची सबंध वाहिनीच सौर विजेवर चालवण्याचा मार्गही तिच्यात घातला. इथेही क्रम तोच दिसतो. आधी दोन गावे, मग राज्य, मग देश.

या सौर विजेत दोन कामे एकदम होतात. हवामानाच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक म्हणजे कोळसा-तेलाचा धूर कमी करायचा, म्हणजे पृथ्वीचा ताप वाढायचा थांबेल. दुसरी म्हणजे जो ताप आधीच वाढला आहे त्यात तग धरायचा. २०१५ मध्ये पॅरिसला जगातले देश जमले आणि प्रत्येकाने आपापले वचन स्वतः लिहून द्यायचे ठरले. २०२१ मध्ये ग्लासगोला आपल्या देशाने सांगितले की २०७० पर्यंत आम्ही धुराचा हिशेब शून्यावर आणू. ही वचने मोठ्या सभांत दिली जातात, पण ती पाळायची जागा शेवटी गावची वाहिनी आणि गावचे वावर हीच असते.

आता आपल्या दाराशी येऊ. ३० जून २००८ ला केंद्र सरकारने हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियाने होती आणि त्यांत एक शाश्वत शेतीचे होते. २०११ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने हैदराबादच्या कोरडवाहू शेती संस्थेच्या देखरेखीखाली 'निक्रा' नावाचा प्रकल्प सुरू केला. देशातल्या नाजूक जिल्ह्यांतली काही गावे निवडली. तिथे कमी दिवसांत येणारे वाण, शेततळी, गावातच भाड्याने मिळणारी अवजारे आणि चाऱ्याची सोय या गोष्टी करून पाहिल्या. त्यासाठी गावची एक समितीही नेमली. या समितीचा नमुना फार मोलाचा ठरला.

२०१८ मध्ये महाराष्ट्रात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. त्यालाच आपण गावात नुसते 'पोकरा' म्हणतो. सुरुवातीला १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे त्यात होती. मराठवाड्याचे आठही जिल्हे होते आणि आपला हिंगोली होताच. खर्च सुमारे ४,००० कोटी, आणि त्यातला ७० टक्क्यांच्या आसपास पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा. हे कर्ज घेताना देशाचे सरकार मध्ये उभे असते. आपल्या दोन एकरांच्या भरवशावर जागतिक बँक आपल्या दारात येत नाही. आता या प्रकल्पाचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी आहे.

या कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने त्याची रीत बसवली होती. गावात पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती आणि उभ्या पिकांना किती लागेल, हा जमाखर्च ग्रामस्थांसमोर मांडायचा. घरातल्या किराण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाया हा ताळेबंद पुरुषांच्या आधी समजून घेतात, असे मी पुष्कळ गावांत पाहिले. एका गावात हळदीचा पेरा वाढवायचे चालले होते. एक भगिनी उठून म्हणाल्या, "हिशेबात पाणी फेब्रुवारीलाच संपतंय, मग ही हळद काय डोळ्यातल्या पाण्यावर काढायची?" त्या एका वाक्याने ठिबकाचा विषय मार्गी लागला.

पण सगळेच गोड आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. नव्या योजनांची गाडी कुठे अडते हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एका योजनेत एका शेतकऱ्याला तुषार संचासाठी पूर्वसंमती मिळाली. नियम असा की आधी पदरचे पैसे घालून संच घ्यायचा, पावत्या चढवायच्या, मोका तपासणी व्हायची आणि मग अनुदान खात्यात यायचे. चोरी थांबवायला हा नियम चांगला आहे. पण त्याच्याजवळ पदरचे म्हणून काही नव्हते. दुकानदार उधार देईना. शेवटी हळदीवर आडत्याकडून व्याजाने उचल घेतली. अनुदान आले, पण काही महिन्यांनी आले, तोवर व्याजाने त्याचा मोठा घास खाल्ला होता. जो धोका सरकारने घ्यायचा म्हणून योजना काढली, तो फिरून फिरून आडत्याच्या वहीत जाऊन बसला. यावर उपाय अवघड नाही. अल्पभूधारकाच्या बाबतीत अनुदानाची रक्कम थेट विक्रेत्याला द्यावी, किंवा मधल्या काळाचे बिनव्याजी कर्ज सोसायटीतून मिळावे. नवी कल्पना काढताना शेवटच्या माणसाच्या खिशात हात घालून बघावा, तो रिकामा असेल हे धरून नियम लिहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरी अडचण यादीची. ओढ्याच्या अलीकडचे गाव यादीत आणि पलीकडचे बाहेर. पलीकडचे लोक विचारतात, "आमच्यावर काय वेगळा पाऊस पडतो का?" प्रयोग लहान जागेतच करावा लागतो, हे मी त्यांना सांगतो. पण प्रयोगातून निघालेले पलीकडे कधी पोचणार, याचे साल-महिन्यासकट उत्तर वरून मिळाले पाहिजे. नाहीतर त्याला प्रयोग म्हणता येणार नाही, ते नशीब झाले.

तिसरी अडचण अहवालांची. आमच्या कागदांत 'उद्दिष्ट' आणि 'साध्य' असे दोनच रकाने असतात. 'फसले' असा रकाना नसतो. कापसाच्या विम्याचा तोटा १९७८ साली कुणी झाकून ठेवला असता, तर पुढची वाट निघालीच नसती. किती शेततळी आज कोरडी आहेत, किती शेडनेट वाऱ्याने फाटल्यावर पुन्हा बांधली गेली नाहीत, हे मोजणाऱ्या अधिकाऱ्याला शाबासकी मिळाली पाहिजे.

पहिला धोका घेण्याची हिंमत सरकारला जमते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या मुलखाबाहेरचे आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, आणि केंद्राच्या हवामान खात्याने अंदाजाची यंत्रणा सुधारली. २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते, आणि मृतांचा आकडा पन्नासाच्याही खाली राहिला. वादळ ऐन वेळी वळले असते तर एवढा खर्च फुकट गेला असे लोक म्हणाले असते. तो बोल सरकारने स्वतःवर घेतला, म्हणून माणसे वाचली.

बंधू-भगिनींनो, सरकार आपले काम करील तेव्हा करील. ते नीट व्हावे म्हणून आपल्याला काय करता येईल, तेही सांगतो. एक, गावात एक पर्जन्यमापक बसवा आणि शाळेतल्या मुलांकडून रोजचा पाऊस वहीत लिहून घ्या. पंचनाम्याच्या वेळी तोंडी बोलण्यापेक्षा ती वही वजनदार ठरते. दोन, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. शेजाऱ्याने तिफण धरली म्हणून आपण धरू नये. तीन, आपल्या शिवारात पीक कापणी प्रयोग कधी आणि कुणाच्या रानात आहे ते विचारा, आणि त्या दिवशी दोन-चार जाणती माणसे तिथे उभी राहा. विम्याचा निकाल तिथेच ठरतो. चार, ज्या गावांत कृषी संजीवनी समिती आहे तिथल्या बैठकीला फक्त सह्या करायला जाऊ नका, आणि घरातल्या बायकांना सोबत न्या. पाच, गावात कुणी नवी रीत करून पाहिली आणि ती फसली, तर त्याला हसू नका. त्याच्या घरी जाऊन काय चुकले ते विचारा. त्याने तुमचे एक वर्ष वाचवलेले असते.

आणि पुढच्या ग्रामसभेत नवी योजना वाचून दाखवली, तर अनुदान किती, एवढेच विचारून खाली बसू नका. आणखी तीन प्रश्न विचारा. हे आधी कुठे करून पाहिले? फसले तर भार कुणावर? आणि ज्याच्या हातात आज एक रुपया नाही, त्याला हे कसे मिळणार? समोरच्या साहेबाला तीनही उत्तरे तिथल्या तिथे देता येणार नाहीत. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून वर जाणाऱ्या कागदांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा गेले, तर पुढच्या योजनेचे नियम लिहिणाऱ्याला दोन एकरवाल्याचा विचार करावाच लागेल.